जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये बिशपांवर अंतिम अधिकार कोणाचा असतो?

एका वाक्यात सांगायचे तर कोणा एकाचा नाही. जुन्या गोव्याच्या फेस्ताला मिस्सेच्या प्रार्थनेत पोपचे आणि त्यानंतर आर्चबिशपांचे नाव घेतलेले ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन पचत नाही, कारण कॅथलिक व्यवस्थेत बिशपांची नेमणूक पोपकडून होते. इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या अँग्लिकन परंपरेत मात्र प्रत्येक प्रांत, म्हणजे एखाद्या देशाचे किंवा प्रदेशाचे चर्च, स्वायत्त असून आपले बिशप तो आपल्याच नियमांनुसार निवडतो. इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशपपद मानाने पहिले. त्या पदावरील व्यक्ती जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेचे निमंत्रण देते आणि प्रांतप्रमुखांची बैठक बोलावते, पण इंग्लंडबाहेरच्या प्रांतातील बिशपाला हुकूम देऊ किंवा पदावरून काढू शकत नाही. १८६७ साली ७६ बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद भरली, तेव्हाच तत्कालीन आर्चबिशप लाँगली यांनी ही कायदे करणारी सभा नव्हे, असे स्पष्ट केले होते. आजही तिचे ठराव प्रांतांवर बंधनकारक नसतात. मतभेद झाल्यास समजावणे, वाट पाहणे आणि फार तर निमंत्रण न देणे, एवढेच हाती उरते, आणि माझ्या मते हीच या रचनेची सर्वांत कठीण बाजू आहे. आपल्याकडे १९७० साली स्थापन झालेल्या आणि अँग्लिकन परिवारात मोडणाऱ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रमुखही सिनॉडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, निवडलेले मॉडरेटर (अध्यक्ष) असतात.