तुमचं घड्याळ कधी सुरू झालं?

"मॅडम, मला उशीर झाला." हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून दोनदा तरी उच्चारलं जातं. मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेली आई, चाळिशीत धंदा बदलणारा गृहस्थ, एवढंच काय, दोनदा स्पर्धा परीक्षा हुकलेला सत्तावीस वर्षांचा मुलगाही हेच म्हणतो. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वय त्रेचाळीस. बी.कॉम. झाल्या झाल्या लग्न, मग मुलं, मग सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण. ते सगळं निभावून एका सीएंच्या ऑफिसात लागलेल्या. "सव्वीस वर्षांचा मुलगा माझ्या नोंदी तपासतो. वर्गातल्या मैत्रिणी बँकेत मॅनेजर झाल्या. आतापर्यंत मीही तिथे असायलाच हवं होतं."

त्या 'च'वर मी बोट ठेवलं. माझ्या कामाचा निम्मा भर या एका अक्षरावर असतो. इच्छा माणसाला चालवते, 'च' त्याला फरफटत नेतो. ताईंना पटलं, पण डोक्यापुरतं. पुढच्या तीन-चार भेटी आम्ही तिथेच घुटमळत राहिलो.

मग एका सोमवारी त्या रडवेल्या होऊन आल्या. आदल्या दिवशी लेकीबरोबर मॅरेथॉनवरचा माहितीपट पाहिला होता. 2005 च्या शिकागो मॅरेथॉनची तयारी करणारे सहा जण: दोघं जागतिक दर्जाचे, बाकीचे चौघं तुमच्याआमच्यासारखे. त्यात लेकीसोबत सराव करणारे एक वयस्कर गृहस्थही. "त्यांना या वयात जमतं आणि मी अजून पहिल्याच पायरीवर!"

त्या रात्री मी तो पाहिला. त्या जागतिक दर्जाच्या दोघांपैकी डीना कॅस्टरनं महिलांची शर्यत 2 तास 21 मिनिटं 25 सेकंदांत जिंकली, अवघ्या पाच सेकंदांच्या फरकानं. पण मला थांबवलं ते सुरुवातीच्या रेषेवरच्या गर्दीनं. पुढच्या भेटीत मी ताईंना विचारलं, "एवढ्या हजारो माणसांत सगळ्यात मागे उभा असलेला माणूस रेषेपर्यंत कधी पोचत असेल?"

"दहा-पंधरा मिनिटं तरी जात असतील."

"मग त्याची वेळ कधीपासून मोजायची?"

"शर्यत सुरू करायचा बार झाला तेव्हापासून. म्हणजे... बिचाऱ्याचं आधीच नुकसान."

मी सांगितलं, त्याच्या अंगावर एक चिप असते. त्यानं रेषा ओलांडली की तिथपासून त्याची स्वतःची वेळ धरली जाते.

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पण पहिला नंबर तर बार झाल्यापासूनच्या वेळेवरच ठरतो ना?"

प्रश्न बिनतोड होता. तो उडवून लावला असता, तर इतक्या भेटींचं काम वाया गेलं असतं. "हो," मी म्हटलं. "बक्षिसासाठी पुढे उभे असतात त्यांचा. पण बॉस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी चिपचीच वेळ धरतात, आणि वयानुसार मर्यादाही वाढवून देतात. तुम्ही कुठल्या रांगेत उभ्या होतात?"

"मी सासूबाईंच्या खाटेशी उभी होते, मॅडम."

आणि त्या मोकळेपणानं रडल्या. आधीचं रडणं लाजेचं होतं, हे दुःखाचं होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं हा फरक मला कानानं कळतो आणि तो आला की मी काहीही बोलत नाही. गेलेल्या वर्षांचं दुःख खरं असतं. 'झालं गेलं विसरा' म्हणून ते दडपू नका. स्वतःलाही तसं म्हणू नका. ते रडून घेतल्यावरच पुढचा हिशेब नीट मांडता येतो.

तुम्हालाही हा घोर लागला असेल, तर मैत्रिणीच्या आजच्या पदाशेजारी आपलं पद ठेवू नका. आपण रेषा नेमकी कधी ओलांडली ती तारीख आठवा आणि तेव्हापासून काय काय हाताखालून गेलं ते लिहून काढा. ताईंनी लिहिलं. पहिल्या महिन्यात चलन भरताना हात कापत होते. चौदाव्या महिन्यात तीन दुकानांचे जीएसटी रिटर्न एकटीनं भरले. तो सव्वीस वर्षांचा मुलगा अजूनही तपासतो. हल्ली त्यांना त्याचा राग येत नाही, त्या त्याला शंका विचारतात.

त्यांनी ऑफिसच्या टेबलावरच्या कॅलेंडरमागे एक तारीख लिहून ठेवली आहे, रुजू झाल्याची. गेल्या आठवड्यात मेसेज आला: "मॅडम, आज एकोणीस महिने."