साल्वादोर समजून घ्यायचंय? मग इथून सुरू कर

अरे, ब्राझीलचा इतिहास म्हणून डायरेक्ट रिओ नको उचलूस, आधी बाहिया राज्याची राजधानी साल्वादोर घे. १५४९ला वसवलेलं, पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी १७६३ पर्यंत हेच होतं. पेलोरिन्यो या जुन्या शहरभागातली रंगीत घरं, सोन्याने मढवलेलं साओ फ्रान्सिस्को चर्च फोटोत भारीच दिसतं, पण तो पैसा उसाचा आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामाचा, हे डोक्यात ठेवूनच बघ. १८३५चं मालेंचं बंड नक्की वाच, आफ्रिकन मुस्लिमांनी केलेलं. आणि खाणं सोडू नकोस हां, आकाराजे म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून वाटायची, कांदा घालून फेटायची नि लालसर पाम तेलात तळायची, मग चिरून आत सुकी कोळंबी, पांढऱ्या कपड्यातल्या बायका रस्त्यावर विकतात, मुळात कांदोंब्ले या आफ्रिकन मुळांच्या धर्मातल्या यान्सां देवीचा नैवेद्य आहे तो.