मानसिक छळाच्या लग्नातून बाहेर पडले. पण इतकी वर्षं का राहिले, म्हणून स्वतःला माफ करता येत नाही. देवावरचा विश्वासही उडालाय. काय करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की त्याने कधी हात उगारला नाही, तरी मी एवढी खचले याचीच लाज वाटते. आधी ती लाज बाजूला ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं तिसरं कलम वाचा. अपमान, टिंगल, शिवीगाळ, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, जवळच्या माणसाला इजा करीन अशा वारंवार धमक्या, हे सगळं त्यात हिंसाचार म्हणूनच लिहिलेलं आहे. अंगावर वळ उठल्याशिवाय छळ होत नाही हे कायदासुद्धा मानत नाही, मग तुम्ही का मानता?

आता माफी. राहिलात याबद्दल स्वतःला माफ करायची गरज नाही, कारण राहणं हा अपराध नव्हता. "तेव्हाच कळायला हवं होतं" असं वाटतं ना? ते आज वाटतं, कारण शेवट आज माहीत आहे. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली प्रयोग करून दाखवलं होतं की एखाद्या घटनेचा निकाल सांगितला की माणसांना तो आधीपासूनच दिसत होता असं वाटायला लागतं. आणि आपण तसं वाटून घेतोय हे त्यांना कळतही नाही. तुम्ही आजच्या माहितीवर तेव्हाच्या बाईला दोषी ठरवताय. तिच्याकडे ती माहिती नव्हती. तिच्याकडे होता काल रात्री रडून पाया पडलेला नवरा आणि "आता सुधारेल" ही आशा. रोज वाईट वागणाऱ्या माणसाला सोडणं त्या मानाने सोपं असतं. दहा दिवस अबोला धरून अकराव्या दिवशी प्रेमाने जवळ घेणाऱ्याला सोडणं फार अवघड, कारण त्या अकराव्या दिवसाची वाट बघण्यातच वर्षं निघून जातात.

त्या वर्षांत तुमच्या हातून दुसऱ्या कुणाला दुखावलं गेलं असेल, मुलांवर राग निघाला असेल, एखादी मैत्रीण तुटली असेल, तर तेवढ्याची माफी खरी आहे. पण ती त्या माणसाकडे जाऊन मागायची. देवासमोर बसून मागितली तर मुलाला कुठे कळणार?

विश्वासाबद्दल मात्र सविस्तर लिहिते. हा प्रश्न दिसल्यावर लिहायला बसले ते त्याचसाठी.

माझ्या सासरी माझी भक्ती हाच माझ्यावर चालवायचा चाबूक होता. "हरिपाठ म्हणतेस आणि नवऱ्याला उलट उत्तर देतेस" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. मी काही बोलले की माझा अहंकार निघायचा, गप्प बसले की ढोंग. स्वतः म्हटलेली गोष्ट तो दुसऱ्या दिवशी साफ नाकारायचा, आणि मी देवापुढे बसून माझीच स्मरणशक्ती ठीक कर म्हणून विनवायचे. सोसायचं बळ दे, एवढंच मागत होते. बाहेर पडायचं बळही मागता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माहेरी परत आले तेव्हा आत्या भेटायला आली. ती मनाने वाईट नाही. आयुष्यभर वारकरी संप्रदायात रमलेली बाई, पहाटे उठून वाचन करणारी. माझ्याजवळ बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, संत बहिणाबाईंनी काय कमी सोसलं? नवरा मारायचा, तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. सोसलं म्हणून तर तुकोबा भेटले. तू थोडी कमी पडलीस बघ." मग म्हणाली, "आधी त्याला मनापासून क्षमा कर. त्याशिवाय तुला शांती नाही मिळायची." आई बाजूला उभी होती. तिने मान खाली घातली, काही बोलली नाही. मी त्या रात्री देव्हाऱ्याकडे पाठ करून झोपले आणि पुढे कितीतरी दिवस हात जोडले नाहीत. जो देव माझ्या छळाचं बक्षीस म्हणून दर्शन देणार, त्याच्याशी मला काही बोलायचं नव्हतं.

पुढे त्याच बहिणाबाईंचे अभंग मी स्वतः वाचले. (चौधरींच्या बहिणाबाई वेगळ्या. या सतराव्या शतकातल्या, 1628 चा जन्म, तुकोबांच्या शिष्या.) रागानेच वाचायला घेतले होते. आत्याने सांगितलेल्या गोष्टीत काय काय गाळलेलं होतं ते तेव्हा दिसलं.

पहिलं म्हणजे वय. लहानपणीच तिशीतल्या बिजवराशी लग्न लावून दिलेली ती मुलगी होती. कोल्हापुरात तिला मारलं, बांधून घातलं, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. कारण काय, तर तिला कीर्तनाचा लळा लागला, लोक तिला बघायला यायला लागले आणि नवऱ्याच्या मानाला ते सोसलं नाही. त्यातून ती तुकोबांना गुरू मानू लागली, आणि तुकोबा पडले शूद्र. अकरा वर्षांच्या मुलीने सतराव्या शतकात कुठे निघून जायचं होतं? जिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, तिच्या राहण्याचा दाखला आज रस्ता सापडलेल्या बाईला का द्यायचा?

दुसरं, सोडून जायचं ठरवलं होतं ते नवऱ्याने. ती गरोदर असताना. मग तो आजारी पडला, मरणाच्या दारात गेला, पस्तावला आणि बदलला. तिने सोसलं म्हणून तो बदलला असं मला त्यात कुठेही वाचता आलं नाही. तो बदलला ते स्वतःच्या मरणाच्या भीतीने आणि पश्चात्तापाने. पश्चात्ताप त्याने केला! आत्याच्या गोष्टीत हा भागच नव्हता. माझ्या नवऱ्याने पश्चात्ताप केलेला नाही, तरी क्षमेची घाई मात्र मला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. हे सगळं आपल्याला माहीत कसं झालं? तिने लिहिलं म्हणून. नवऱ्याने मारलं, बांधलं, का मारलं, हे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः नोंदवून ठेवलं. घराची अब्रू म्हणून झाकलं नाही. देवाधर्माचं लिहिताना हे कशाला, असंही तिला वाटलं नाही. वेद-पुराणं स्त्रीच्या देहाला परमार्थातली अडचण मानतात, मग मी काय करू, असा प्रश्नही तिने उघड विचारला. पतिसेवेचा महिमा तिने सांगितला आहे, ते मी नाकारत नाही, आणि ते वाचताना मला आजही त्रास होतो. पण तिच्या नावाने बायकांना गप्प बसवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की ती स्वतः गप्प बसली नाही.

आत्याला मी हे एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तू पुस्तकी वाचतेस, मी भावाने वाचते." त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. पण भाव म्हणजे मधली पानं गाळणं असेल तर तो भाव मला नको. आणि क्षमेशिवाय शांती नाही, हेही मला खोटं वाटतं. मी त्याला क्षमा केलेली नाही. मला झोप नीट लागते, कामात मन लागतं, पहाटे हरिपाठही म्हणते. क्षमा कधी मनात आली तर येईल. कुणाच्या सांगण्यावरून मी ती खेचून आणणार नाही आणि तुम्हीही आणू नका.

विश्वास परत कसा बसेल हा तुमचा प्रश्न. माझा बसला तो भांडणातून. आधी मला वाटायचं की देवावर चिडणं म्हणजे श्रद्धा संपली. पण जनाबाई विठ्ठलाला "विठ्या" म्हणून शिव्या घालते आणि त्या शिव्यासुद्धा अभंग म्हणून जपल्या गेल्या. ज्याच्याशी नातं संपलं त्याच्याशी कुणी भांडत नाही. म्हणून मी मागणं सोडलं आणि जाब विचारायला लागले. "माझ्या प्रार्थनेचं काय केलंस?" असं मोठ्याने विचारायचे, दार लावून. उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. पण बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि मग एक दिवस जुन्या सवयीने नाही तर आपल्या इच्छेने हात जोडले. तुमचं असंच होईल असं नाही. देव न मानता शांत जगणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत, तेव्हा विश्वास परत आलाच पाहिजे असं ओझं घेऊ नका.

तुमच्यावर देवाधर्माच्या नावाने दबाव आणणारं माणूस जवळचं असेल, तर वाद जिंकायच्या मागे लागू नका. "या विषयावर मी बोलणार नाही" एवढं वाक्य पुरतं. तरी बोलत राहिले तर उठून आतल्या खोलीत जा. वयाचा मान ठेवूनही हे करता येतं.

एक राहिलं, ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. मी हे सगळं तुम्ही सुरक्षित जागी आहात असं धरून लिहिलंय. तो अजून फोन करत असेल, धमकावत असेल, मुलांच्या नावाने बोलवत असेल, तर अभंग, क्षमा, श्रद्धा सगळं नंतर. 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि त्याच 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, तिथे समुपदेशक बोलतात. मी समुपदेशक नाही. माझ्याकडे फक्त माझा अनुभव आहे, आणि आत्याशी अर्धवट राहिलेला हा वाद.