तिशी ओलांडलेल्या मोटोक्रॉस चॅम्पियनशी कंपन्या करार कसा करतात?

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्यात. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या खडबडीत वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतींत, पाच वेळा जगज्जेता झालेल्या जेफ्री हर्लिंग्सला ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीनं जाऊ कसं दिलं, वय झालं की कंपन्या चॅम्पियनला वाऱ्यावर सोडतात का, आणि केटीएम बजाजच्या ताब्यात आल्यावर यात काही फरक पडेल का. मी वाळूजला दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या व्हेंडरकडे परचेसला आहे, म्हणजे रायडरचे करार काही माझ्या टेबलावर येत नाहीत. पण मोटोक्रॉस बरीच वर्षं बघतोय आणि करारांतली बारीक अक्षरं वाचणं हेच पोटाचं काम आहे, त्या जोरावर लिहितो.

चॅम्पियनचा वेग तिशीत एकदम उतरत नाही. टोनी कैरोलीनं नववं विजेतेपद 2017 मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या तोंडावर मिळवलं. कंपनीला धाकधूक असते ती रायडर शर्यतीला हजर राहील की नाही याची. अमेरिकेत सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममध्ये माती टाकून होणाऱ्या मोटोक्रॉसच्या, 17 फेऱ्या, मग उघड्या मैदानावरच्या 11, आणि 2023 पासून शेवटी प्लेऑफच्या 3. जानेवारीत सुरू झालेला हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो. जागतिक मालिकेतही वीसेक फेऱ्या असतात. रायडर प्लास्टरमध्ये असला तरी ट्रक निघतोच, मेकॅनिकचा पगार द्यावाच लागतो, हॉटेलचं बिल येतंच. तंबूत गाडी नुसती उभी राहते आणि तिच्यावर नाव लावणारे प्रायोजक फोन करून विचारत बसतात. बावीस वर्षांच्या पोराचं हाड लवकर सांधतं. तिशीनंतर तेवढंच दुखणं लांबतं, आणि एकात एक दुसरं निघतं.

त्यामुळे वयाबरोबर कराराची मांडणी बदलते. रायडर बहुधा कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्याला एक ठरलेली रक्कम, फेरी जिंकली तर वेगळा बोनस, विजेतेपदाला मोठा बोनस. हा मोठा बोनस कंपनी अनेकदा विमा कंपनीच्या गळ्यात टाकते: हप्ता भरायचा, आणि रायडर जिंकलाच तर पैसे विमेवाल्यानं द्यायचे. तरुण चॅम्पियनची ठरलेली रक्कम भक्कम असते आणि करार दोन-तीन वर्षांचा. वयस्क चॅम्पियनला ठरलेली रक्कम कमी, बोनस जास्त आणि मुदत एक वर्ष. फार तर पुढच्या वर्षाचा पर्याय, आणि तो वापरायचा की नाही हे बहुतेक वेळा कंपनीच्या हातात.

कळीचं कलम म्हणजे चुकलेल्या फेरीची कपात. आमच्या बीडकडं ऊसतोडीला गेलेल्या जोडीनं एक दिवस कोयता खाली ठेवला तर मुकादम खाडा लावतो, मग दुखणं असो की घरात मयत. फॅक्टरी टीमच्या, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या टीमच्या, करारातही अशी कपात असते. फरक इतकाच, की चॅम्पियनजवळ वकील आणि एजंट असतो, म्हणून तो ‘पहिल्या इतक्या फेऱ्या माफ’ असं लिहून घेऊ शकतो. वय वाढतं तसं या ‘इतक्या’वरच खरी घासाघीस होते. बातमीत आकडा येतो तो पगाराचा, हे कलम कधी छापून येत नाही.

अमेरिकेच्या एलाय टोमॅकचं बघा. 2023 चं सुपरक्रॉस, डेन्व्हर, शेवटून दुसरी फेरी. टोमॅक तिशीचा, यामाहावर, गुणतालिकेत पुढे आणि त्या शर्यतीतही पुढे. एका उडीवरून उतरला. पडला नाही, कोणाला धडकलाही नाही. नुसता वेग कमी होत गेला आणि गडी कडेला गेला. टाचेचा स्नायुबंध तुटला होता. विजेतेपद त्याच रात्री चेस सेक्स्टनच्या पदरात पडलं. त्या हंगामासाठी टोमॅकनं आधी फक्त सुपरक्रॉसचाच करार केला होता, उन्हाळ्यातल्या शर्यती नंतर वाढवून घेतल्या होत्या. त्या साहजिकच गेल्या. वयस्क रायडरबरोबर असे तुकड्यातुकड्यांचे करार का होतात ते इथं कळतं. दोन्ही बाजूंना एवढंच हवं असतं, की पुढची जोखीम आत्ताच अंगावर घ्यायला नको. त्याच्या आधीचा अमेरिकन चॅम्पियन रिकी कार्माइकल यानंही 2007 मध्ये सुझुकीवर निवडक शर्यती खेळूनच निरोप घेतला होता.

उलटं उदाहरणही आहे. केन रॉक्झनचा डावा हात जानेवारी 2017 मध्ये अनाहाइमला असा मोडला की शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. 2018 मध्ये उजव्या हाताचं झालं. होंडानं त्याला 2022 पर्यंत सांभाळलं. पण हात मोडला तेव्हा तो ऐन बाविशी-तेविशीत होता. पुढं वर्ल्ड सुपरक्रॉस ही वेगळी मालिका खेळण्यावरून फाटलं, कारण आमच्या परवानगीशिवाय दुसरीकडे उतरायचं नाही हे कलम फॅक्टरी टीम सहजासहजी सोडत नाही. रॉक्झन सुझुकीच्या एका खासगी टीमकडे गेला आणि 2023 मध्ये इंडियानापोलिसला जिंकलाही. चॅड रीडला 2010 नंतर मनासारखी फॅक्टरी जागा मिळाली नाही, तर पठ्ठ्यानं स्वतःचीच टीम काढली, होंडाच्या गाड्या घेतल्या आणि 2011 ला सुपरक्रॉसमध्ये दुसरा आला. हे सगळ्यांना जमत नाही. हेल्मेट, बूट, कपडे यांचे करार रायडर वेगळे करतो खरे, पण फॅक्टरीची जागा गेली की त्यांचाही भाव उतरतो.

गाडीवरून उतरल्यावरचा करार हा माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग. दहा वेळा जगज्जेता झालेला स्टेफान एव्हर्ट्स 2006 ला यामाहावरून निवृत्त झाला आणि मोटोक्रॉसचा कारभार सांभाळायला गेला केटीएमकडे. केटीएमच्या 350 सीसीच्या गाडीमागे त्याचा हात होता, आणि 2010 मध्ये पहिल्याच वर्षी ती जागतिक विजेती ठरली. चालवणारा कोण? यामाहा सोडून आलेला कैरोली. म्हणजे यामाहाचे दोन चॅम्पियन मिळून केटीएमचं भलं करून गेले. पुढं केटीएमच्याही नशिबी तेच आलं. कैरोली 2021 ला निवृत्त झाला, 2022 च्या उन्हाळ्यात केटीएमवरच अमेरिकेत काही फेऱ्या खेळला, 2023 ला टीम मॅनेजर झाला आणि 2024 ला इटलीच्या डुकाटीची पहिली मोटोक्रॉस गाडी घडवायला गेला. म्हाताऱ्या चॅम्पियनला सोडताना कंपनी शर्यतीतले गुण मोजते. सस्पेन्शन कुठं चुकतंय हे पहिल्या दोन चकरांत सांगणारा माणूस आपण शेजाऱ्याला देतोय, याचा हिशोब तिला फार उशिरा लागतो.

तेव्हा चॅम्पियनची काळजी करू नका, तो कुठंतरी बसतोच. हाल होतात सहाव्या ते बाराव्या क्रमांकावर येणाऱ्यांचे. जागतिक मालिकेत 23 वर्षांनंतर एमएक्स2 या खालच्या वर्गात राहता येत नाही, वरच्या वर्गात फॅक्टरीच्या जागा मोजक्या, आणि खासगी टीममध्ये काही जण जागेसाठी स्वतः प्रायोजक घेऊन येतात. अशा रायडरची तिशी कोणाला कळतही नाही.

आता हर्लिंग्स. केटीएम नोव्हेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. काही काळ कारखाना बंद होता, ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते त्यांना त्यातल्या 30 टक्क्यांवर समाधान मानावं लागलं. वाळूजच्या कुठल्याही व्हेंडरला हे वाचून पोटात गोळा येईल. 2007 पासून हिस्सेदार असलेल्या बजाजनं 2025 मध्ये 80 कोटी युरोंची सोय केली आणि पुढं कंपनीच ताब्यात घेतली. अशा वर्षात तिशी ओलांडलेल्या, वारंवार जायबंदी झालेल्या रायडरच्या कराराला कात्री लागणार, यात कृतघ्नपणा शोधू नये असं मला वाटतं. हर्लिंग्स 2026 साठी होंडाकडे गेला. गंमत अशी, की होंडावरच पाचही विजेतेपदं मिळवलेला टिम गाजसर त्याच वेळी यामाहाकडे गेला, आणि होंडाला तर काही दिवाळखोरीनं गाठलं नव्हतं.

बजाज आल्यानं काय बदलेल? वाळूजला आमच्यात चर्चा होती की पुणेकर, म्हणजे बजाजवाले, रेसिंगचा खर्च आधी छाटतील आणि फक्त स्वस्तातली तरुण पोरं ठेवतील. पण त्याच 2026 च्या हंगामासाठी केटीएमनं अमेरिकेत करार केला तो टाच तुटलेल्या, 33 वर्षांच्या टोमॅकशी. अमेरिकेत या गाड्या शोरूममधून विकल्या जातात आणि त्या घेणारा बाप टोमॅकला बघतच मोठा झालाय. करारात खाडा किती फेऱ्यांनंतर लावायचा ठरलंय, ते मात्र टोमॅकच्या एजंटलाच विचारावं लागेल.