२००८ मध्ये मेक्सिकोतल्या ॲब्सोल्यूट व्होडकाच्या नकाशा-जाहिरातीवर अमेरिकेत एवढा गदारोळ का झाला?

जाहिरातीत आजच्या अमेरिकेचा पश्चिम भाग मेक्सिकोत दाखवणारा जुन्या सीमेचा नकाशा होता. नकाशा तसा काल्पनिक नव्हता. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाआधी कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा हे प्रदेश मेक्सिकोचेच होते. टेक्सास मात्र १८३६ मध्येच फुटून निघालं होतं. घोळ झाला घोषवाक्यामुळे. ‘ॲब्सोल्यूट जगात’ म्हणजे ‘आदर्श जगात’, ही त्या मोहिमेची मूळ कल्पना. तिच्याशेजारी जुनी सीमा ठेवल्यावर इतिहास राहिला बाजूला, तो थेट भूभागावरचा दावा वाटला. त्यात अमेरिकेत स्थलांतरावरून वातावरण आधीच तापलेलं. जाहिरात फक्त मेक्सिकोसाठी होती खरी, पण इंटरनेटवर ती सीमा ओलांडून गेली. बहिष्काराची हाक उठली, कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. असा नकाशा वापरायचाच असेल तर छापण्याआधी सीमेपलीकडच्या लोकांना घोषवाक्यासकट दाखवा. नुसतं चित्र दाखवून हा धोका कळत नाही.