जुन्या बाजारातला गंजलेला लोखंडी रंधा घ्यावा का? घेताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की घरीच सागाचं टेबल करायचंय, नवा रंधा महाग वाटतो, तर पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेले लोखंडी रंधे दिसतात ते घ्यावेत का.

घ्या, पण एकच घ्या आणि तो ५ नंबरचा. तो साधारण १४ इंच लांब असतो आणि त्याला २ इंची पातं लागतं. ४ नंबर ९-१० इंचांचा, फिनिशिंगला छान, पण टेबलाच्या फळ्या सरळ करायला आखूड पडतो. दोघांचं पातं एकाच रुंदीचं, त्यामुळे पुढे ४ नंबर घेतलात तर तेच पातं त्यातही चालेल. स्टॅनले, रेकॉर्ड, आपला जालंधरचा अनंत, कंपनी कुठलीही असो, सगळे एकाच घडणीचे. नावापेक्षा हातातला नग बघा.

गंज निघतो, तडा निघत नाही. बॉडी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. रंधा टेबलावरून फरशीवर पडला की बीड वाकत नाही, तडकतं. तडा बहुतेक वेळा तोंडाच्या, म्हणजे तळातल्या पातं बाहेर येतं त्या फटीच्या, दोन्ही कोपऱ्यांतून बाजूच्या भिंतीकडे जातो. ताजा रंग मारलेला रंधा दिसला तर तिथेच जास्त बारकाईने बघा. सगळे भाग काढून रिकामी बॉडी दोन बोटांत लटकवून किल्लीने टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर बरी, बद्द वाजली तर ठेवून द्या. वेल्डिंग केलेली बॉडी फुकट मिळाली तरी नको.

दुसरी गोष्ट स्क्रू. एखादा स्क्रू नसेल तर विक्रेता हमखास म्हणतो, ‘बोहरी आळीत मिळेल.’ नाही मिळत. या रंध्यांचे आटे नेहमीच्या मापाचे नसतात. पातं पुढे-मागे करणारं मागचं पितळी चाक तर उलट्या आट्यांचं असतं. ते जोर लावून चुकीच्या दिशेला पिळून आटे घालवलेले रंधे दिसतात. चाक पूर्ण फिरवून बघा. अर्धा-पाऊण फेरा मोकळा जाणं चालतं. चाक फिरतंय पण पातं हलत नाही, म्हणजे आतला दुबेळका, चाकाची हालचाल पात्याला देणारा दोन फाट्यांचा तुकडा, तुटलाय.

पातं गेलेलं असलं तर काळजी नको, नवं मिळतं. फक्त किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. असलेलं पातं चालवायचं तर खाचेपासून धारेपर्यंत निदान इंचभर पोलाद शिल्लक हवं. त्याच्या सपाट बाजूला धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर धार तिथे तुटक येते. पात्यावर बसणारी चिपब्रेकरची पट्टी कडेला पूर्ण टेकली पाहिजे. उजेडासमोर धरा, फट दिसली की लाकडाची साल तिथेच अडकणार आणि तोंड चोंदणार. हा दोष कानशीने दहा मिनिटांत जातो, म्हणून यासाठी रंधा नाकारू नका.

तळ बघताना पातं आत ओढून, पण आवळलेलं ठेवा. आवळल्यावर बॉडी किंचित वाकते, म्हणून सुट्या बॉडीचं माप फसवतं. स्टीलची पट्टी उभी लावा. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक हे तीन एका रेषेत हवेत. मधे थोडा खोलगटपणा असला तरी बिघडत नाही. तोंडाची कडच खोल गेली असेल तर मात्र बरंच घासावं लागेल. जाड काचेवर ८० नंबरचा एमरी चिकटवायचा, तळावर मार्करने रेघा मारायच्या आणि त्या तीन जागांवरच्या रेघा जाईपर्यंत घासायचं. मग १२० आणि २२०.

गंजाला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. भाग काही तास बुडवा, मधेमधे ब्रश मारा. रात्रभर विसरलात तर बीड काळं आणि खरखरीत होतं. काढल्यावर सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडं करा आणि तेल लावा. पावसाळ्यात तर ओलं बीड बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

भावाचं म्हणाल तर आधी दुकानात नव्या ५ नंबरची किंमत विचारून मगच बाजारात जा. जुना निम्म्याच्या वर गेला की नवा घेतलेला परवडतो, कारण एमरी आणि धारेचा दगड तुम्हाला घ्यावाच लागणार आहे. तो दगड चांगला घ्या. सागात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. २५ अंशांवर घासून टोकाला ३० अंशांची धार काढा आणि साल फाटायला लागली की थांबून पुन्हा लावा.