अँजेलिका: चोरक, द्विवर्षायू की फलपाकान्त?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, आपल्या बागेतील अँजेलिका या सुवासिक वनस्पतीविषयी मराठीत टिपण लिहिताना तिला ‘चोरक’ म्हणावे का, आणि तिच्यासाठी ‘द्विवर्षायू’ हा शब्द बरोबर ठरेल का.

‘चोरक’ म्हणू नये. आयुर्वेदातील चोरक म्हणजे हिमाचल आणि उत्तराखंडातील उंच प्रदेशात उगवणारी अँजेलिका ग्लॉका असे मानले जाते. तिकडे तिला ‘चोरा’ म्हणतात. इंग्लंडच्या बागांत लावतात ती अँजेलिका आर्कअँजेलिका मूळची उत्तर युरोपातली असून नॉर्वेत तिचे नाव ‘क्वान’ असे आहे. दोन वेगळ्या जातींना एकच नाव दिल्याने वाचकाचा घोटाळाच व्हायचा, म्हणून ‘अँजेलिका’ हेच नाव ठेवावे.

‘द्विवर्षायू’चा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. पहिल्या वर्षी पाने, दुसऱ्या वर्षी फुले-फळे आणि मग मरण, असा त्या शब्दाचा अर्थ. परंतु अँजेलिकाला फुलोरा यायला कधी तिसरे किंवा चौथे वर्षही उजाडते, आणि फुलांचा दांडा बी धरण्याआधीच छाटला तर ती बहुधा आणखी एखादे वर्ष जगते. तिचे मरण फळण्याशी बांधलेले आहे, वर्षांच्या मोजणीशी नव्हे. नेमक्या याच अर्थाचा शब्द मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आहे: ‘ओषध्यः फलपाकान्ताः’, म्हणजे फळ पिकले की ज्यांचा शेवट होतो त्या वनस्पती, अर्थात ओषधी. (ही ‘ओ’ची ओषधी, ‘औषधी’ हे औषधावरून आलेले विशेषण निराळे, पण छापील मजकुरात त्यांची सर्रास सरमिसळ होते.) माझे मत ‘फलपाकान्त’च्या बाजूने आहे, तो जड वाटल्यास ‘एकदाच फळून मरणारी’ असे सरळ लिहावे.

लागवडीच्या वर्णनातही क्रियापद जपून निवडावे. ‘बी पेरावे’ असे लिहिले की वाचक ते मातीखाली दडपतो, आणि या बीला तर रुजण्यासाठी उजेड लागतो. तेव्हा ‘ताजे बी उन्हाळ्याच्या अखेरीस ओलसर मातीवर फोकून हलकेच दाबावे’ असे लिहिणे योग्य. ‘ताजे’ हा शब्द गाळू नये, कारण या बीची उगवणशक्ती लवकर जाते. रोपे हलवायची असल्यास सोटमूळ खोल जाण्याआधीच हलवावीत.

ओळखीच्या खुणा लिहिताना मात्र ढिलाई मुळीच चालणार नाही. ‘पांढऱ्या फुलांची छत्री’ एवढ्यावर भागवले तर ते वर्णन विषारी हेमलॉकलाही लागू पडते, कारण दोन्ही झाडे कोथिंबीर-शेपूच्या कुळातली आणि दोघींचा फुलोरा चामरकल्पच, म्हणजे एकाच टोकातून निघालेल्या दांड्यांचा, छत्रीसारखा. अँजेलिकाचा चामरकल्प जवळजवळ चेंडूसारखा गोल आणि हिरवट-पिवळसर असतो. पानाच्या देठाचा तळ फुगीर होऊन खोडाला कवटाळतो. पान चुरगळले तर गोडसर सुवास येतो. हेमलॉकचे पान नेच्यासारखे बारीक चिरलेले, वास उंदराच्या घाणीची आठवण करून देणारा आणि गुळगुळीत खोडावर जांभळे डाग. येथे ‘जांभळे खोड’ असे मोघम लिहू नये: अँजेलिकाच्या खोडावर जांभळट झाक असू शकते, हेमलॉकवर सुटे डाग असतात. एकट्या वासावर विसंबून रानातले झाड खाण्यासाठी तोडू नये, हेही टिपणात असावे.

छाटणीच्या भागात एक वाक्य वाढवावे: अँजेलिकाचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले तर कातडीवर फोड येऊ शकतात. तेथे ‘ॲलर्जी’ हा शब्द टाळावा, कारण हा परिणाम रसातील द्रव्य आणि ऊन यांच्या संयोगाने कोणाच्याही कातडीवर होऊ शकतो.